समेटात सापडलेला बांध

मित्रांनो, मी एक जुना बांध आहे. दोन शेतांच्या मधोमध दगडमातीची जी उंचवट्याची, झुडपांनी भरलेली लांबलचक पट्टी दिसते ना, तोच मी. माझं डोकं टेकडीवरच्या झाडीत आहे आणि पाय खालच्या ओढ्यात. सदा पडून असतो म्हणून मला आळशी समजू नका. जन्मल्यापासून मी एकदाही रजा घेतलेली नाही.

माझा जन्म भांडणातून झाला. दोन सख्खे भाऊ होते. जमिनीची वाटणी झाली आणि दोघांचं बोलणं बंद पडलं. थोरल्याने आपल्या शेतातले दगड वेचून रागारागाने मधल्या रेषेवर आणून टाकले. धाकटा कसला ऐकतो! त्यानेही आपल्याकडचे दगड आणून त्यावर रचले. मग थोरल्याने एक भलामोठा काळा धोंडा एकट्याने ढकलत आणला आणि माझ्या पोटात बसवला. "आता ये बघू इकडे!" असं तो धोंड्याकडे बघून ओरडला. धाकटा तेव्हा घरी जेवत होता.

नुसत्या दगडांवर माझं आयुष्य भागलं नसतं. वाऱ्याने माती आणली. पाखरं कुठली कुठली फळं खाऊन माझ्यावर विसावली आणि बिया टाकून गेली. त्यातून बोरी आली, करवंदीची जाळी आली, ज्यांची नावं कुणी ठेवलीच नाहीत अशी गवतं आली. माझी उन्हाची बाजू कोरडी आणि तापलेली, तिथे सरडे राहायला आले. सावलीच्या बाजूला ओल टिकायची, म्हणून तिथे शेवाळ आणि बेडूक. उन्हाच्या बाजूच्या उघड्या मातीत बारीक भोकं पाडून छोट्या मधमाश्यांनी घरं केली. या माश्या पोळं बांधत नाहीत. प्रत्येकीचं बिऱ्हाड वेगळं. एवढ्याशा रुंदीत एवढे शेजारी, पण भाडं कुणी देत नव्हतं आणि मी कधी मागितलं नाही.

शेतात पीक असायचं तेव्हा या मंडळींची चैन असायची. पीक निघालं की दोन्हीकडे उघडी जमीन. तेव्हा माझ्यावरची फुलं आणि फळंच त्यांना सांभाळायची. टेकडीवरच्या झाडीतली मुंगशी पिल्लांना घेऊन माझ्या कडेकडेने ओढ्यावर पाणी प्यायला जायची. उघड्यावर तिला घारीची भीती होती, माझ्या जाळीत नव्हती. माणसांना वाटायचं, मी वाट अडवायला बसलोय. मुंगशीसाठी तर मीच वाट होतो.

माणसांनी मला फार जपलं असं मात्र म्हणता येणार नाही. दरवर्षी नांगराचं टोक माझ्या अंगात जरासं जास्त घुसायचं. शेतकरी याला 'बांध कोरणं' म्हणतात. दोन्ही बाजूंनी मला कोरलं जायचं आणि दोन्ही घरं एकमेकांच्या नावाने बोटं मोडायची. थोरल्याची सून पुढे म्हातारी झाली, सगळे तिला काकू म्हणू लागले. ती हातात काठी घेऊन माझ्यावर पहारा द्यायची. मला वाटायचं, हिचा माझ्यावर जीव आहे. पण दर उन्हाळ्यात तीच माझं गवत पेटवून द्यायची. "बांध कसा स्वच्छ दिसला पाहिजे," म्हणायची. तिला फक्त हद्द राखायची होती. हद्दीवर कोण राहतं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

धाकट्याचा नातू म्हणजे तिचा चुलत पुतण्या. त्याला सगळं आत्ताच्या आत्ता लागायचं, म्हणून त्याचं नाव घाईराव पडलं होतं. एकदा काकू घराच्या पायरीवरून घसरली आणि तिचं पाऊल मुरगळलं. हाक ऐकून सगळ्यात आधी धावत आला तो घाईराव. माझ्यावरून उडी मारून आला. तिला उचललं, दवाखान्यात नेलं, रोज जेवणाचा डबा पोचवला. काकूचं पाऊल बरं झालं आणि दोन घरांचं बोलणंही सुरू झालं. मित्रांनो, समेटानंतरचा चहाचा पहिला कप त्या दोघांनी माझ्यावरच बसून प्यायला. मला गलबलून आलं. आणि त्याच कपाबरोबर माझ्या मरणाचं ठरलं.

"काकू, आता आपल्यात कसली हद्द?" घाईराव म्हणाला. "हा बांध काढून टाकू. दोन्ही रानं एक होतील. मशीन सरळ जाईल, वळवायची कटकट नाही. ही नुसती रिकामी जागा आहे."

"काढ बाबा," काकू म्हणाली. "याच्यापायी दोन पिढ्यांची तोंडं वाकडी झाली. एकदाची जाऊ दे ही ब्याद."

मला फार वाईट वाटलं. भांडण त्यांचं, दगड त्यांचे, आणि ब्याद मी! पण बांधाला तोंड नसतं. मी एवढंच ठरवलं, जिथे आहे तिथे पाय रोवून उभं राहायचं.

खोदकामाचं मशीन ओढ्याकडून आलं. दुपारपर्यंत माझं खालचं अर्धं अंग सपाट झालं. बोरी गेली, बेडकांची ओल गेली, माश्यांची बिऱ्हाडं मातीत मिसळली. मग मशीनचा दात काळ्या धोंड्यावर आदळला आणि खाडकन तुटला.

"हा बाबा काही हलत नाही," मशीनवाला कपाळ पुसत म्हणाला. "आता लागवड तोंडावर आलीय. पीक निघालं की मोठं मशीन आणतो. तोवर राहू दे."

राहिलो. अर्धा राहिलो, पण राहिलो. त्या धोंड्याने रागाचं काम सोडून माझं काम केलं.

त्या हंगामात दोघांनी मिळून सगळीकडे लाल भोपळा लावला. बियाणं एक, पाणी एक, खत एक. वेल फोफावले, पिवळी फुलं आली. घाईराव खूश. मुंगशी मात्र माझ्या तुटलेल्या कडेपर्यंत यायची, समोरच्या उघड्या रानाकडे बघायची आणि पिल्लांना घेऊन मागे फिरायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

थोड्याच दिवसांत घाईरावाचा चेहरा उतरला. खालच्या रानात फुलं येत होती, पण त्यांच्या देठाशी धरलेले इवलेसे भोपळे पिवळे पडून गळत होते. मग तो सकाळी सकाळी नर फुलं तोडून एकेका मादी फुलाला टेकवत फिरू लागला. एवढ्या मोठ्या रानात एक माणूस किती पुरणार?

काकू काठी टेकत आली आणि माझ्या धोंड्यावर बसली.

"काय रे घाईराव, फुलांची लग्नं लावतोयस की काय?"

"हसू नकोस गं काकू. सगळं पीक हातचं चाललंय. रोग नाही, कीड नाही, मग फळ का धरत नाही?"

"इथं बघ की, माझ्या पायाशी चांगले चार बसलेत."

घाईरावाने वाकून पाहिलं. खरंच, माझ्या जवळच्या वेलांवर गोल गरगरीत भोपळे होते. त्याने पुढच्या वेलांकडे पाहिलं, मग त्याच्या पुढच्या. माझ्यापासून जसजसा लांब जाई, तसतशी फळं विरळ होत होती. ओढ्याजवळ तर नुसती फुलं. तो तसाच परत आला आणि एका फुलासमोर उकिडवा बसला. फुलातून एक छोटी माशी बाहेर पडली, अंगभर पिवळी पूड माखलेली. ती उडाली, माझ्या उन्हाच्या बाजूला आली आणि एका भोकात शिरली. तेवढ्यात शेजारच्या भोकातून दुसरी निघाली. माझ्या माश्या लांबच्या प्रवासाच्या नव्हेत, मित्रांनो. घराजवळच राबतात.

"काकू," तो हळूच म्हणाला, "ही जागा रिकामी नाही गं."

काकूने वाकून ती भोकं एकेक करून पाहिली. "आणि मी मेली दरवर्षी इथं काडी लावत होते," ती म्हणाली. मग तिने काठी आपटली. "ते मोठं मशीन येणार आहे ना? येऊ दे."

पीक निघालं, जेमतेम निघालं, आणि मशीन आलं. माझा जीव मुठीत होता.

"कुठून काढू?" मशीनवाल्याने विचारलं.

"काढायचं नाही, घालायचंय," घाईराव म्हणाला. "खालचे दगड परत रेषेवर रचायचे. ओढ्यापर्यंत."

"अहो, भांडण मिटलं म्हणून पाडलात ना? पुन्हा भांडलात की काय?"

"नाही हो," काकू म्हणाली. "भांडणासाठी एकदा बांधून झालाय. आता समजुतीने बांधू."

मशीनने दगड आणि माती परत आणून दिली, पण तेवढ्याने बांध होत नाही. काकूने माझ्या वरच्या अंगातली मुळांसकट गवताची ढेकळं काढून खाली लावून घेतली. घाईराव रोज येऊन विचारायचा, "अजून हिरवं कसं नाही?" काकू म्हणायची, "तुझ्या घाईला हा ऐकायचा नाही. बस इथे." आणि तो बसायचा. नांगरही आता दोन्ही बाजूंनी माझ्यापासून हातभर लांबून वळतो. उन्हाळ्यात काडी कुणी लावत नाही. मी जरा विस्कटलेला दिसतो, पण त्याची मला लाज वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घराजवळ, शाळेमागे, रस्त्याच्या कडेला अशी एखादी पट्टी असेल. कुणी तिला रिकामी म्हणेल, कुणी अस्वच्छ म्हणेल. तिच्यावर फावडं चालवण्याआधी एकदा खाली वाकून बघा. ती कुठून निघते आणि कुठे पोचते, तेही बघा. मधूनच तोडलीत तर दोन्ही टोकांचे जीव उपाशी राहतात. आणि तोडलीच असेल तर हात बांधून बसू नका. जोडा.

आज सकाळी मुंगशी आली. जुन्या तुटलेल्या कडेशी येऊन थांबली. पुढे माझं नवं अंग होतं, गुडघाभर गवताचं, अजून विरळ. काकू आणि घाईराव धोंड्यावर बसले होते, दोघांनीही कप हातातच धरून ठेवले. मुंगशीने नाक वर करून वास घेतला, मागे पाहिलं, आणि पिल्लांना घेऊन गवतात शिरली. बऱ्याच वेळाने ओढ्याजवळचं गवत हललं.