घरगाडीच्या मागची जागा

सहलीच्या शेवटच्या दिवशी सकाळी कर्टिस म्हणाला, "बाबा, तो माणूस संध्याकाळी गाडी न्यायला येतोय. घरी पोचलो की सामान काढायला घेऊ."

हे तो वर्लिनला सांगत होता, मला नाही. मी तिथेच वाकून, सांडपाण्याचा पाइप धरून आमच्या घरगाडीची, चाकांवरच्या त्या छोट्या घराची, टाकी रिकामी करत होते.

वर्लिनची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नजर गेल्या हिवाळ्यात गेली. कडेचं थोडंफार दिसतं, समोरचं सगळं धूसर. म्हणून आमचा मुलगा डेन्व्हरहून रजा काढून आला होता, आम्हाला ब्लॅक हिल्सच्या डोंगरात शेवटचं फिरवून आणायला. 'शेवटचं' हा शब्द त्याचा. मला कुणी विचारलं नव्हतं.

"विकायची कशाला?" मी म्हटलं.

"चालवणार कोण, आई?"

"मी."

तो हसला. मुलगा मायाळू आहे, पण त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं.

मक्यानं काठोकाठ भरलेला ट्रक दर सुगीत मीच कोठारापर्यंत न्यायचे. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. पण सुट्टीला निघालो की स्टीअरिंग वर्लिनचं. मुक्काम आला की मी खाली उतरायचं, गाडीच्या मागे उभं राहायचं आणि हात हलवायचे. ये, ये, जरा डावीकडे, थांब. शेजारचे लोक खुर्च्या टाकून, बिअर पीत ही फुकटची करमणूक बघायचे. गाडी झाडाला घासली की वर्लिन खिडकीतून ओरडायचा, "कुठे बघतेयस, आर्डिस?" गाडी त्यानं घासायची आणि चूक माझी!

दुपारी नेब्रास्कात शिरल्यावर पेट्रोल भरायला थांबलो. कर्टिस कॉफी आणायला आत गेला. मी उठून सरळ त्याच्या जागेवर बसले, खुर्ची पुढे ओढली, आरसे माझ्यापुरते फिरवून घेतले.

"आई, ऊठ," परत आल्यावर तो म्हणाला.

"तू मागे बस. पट्टा लाव."

"पुरे झाली गंमत."

"वर्लिन, मी गंमत करतेय का?"

वर्लिननं टोपी काढून मांडीवर ठेवली. "नाही रे बाबा. हिचा हा आवाज मला माहीत आहे. गपचूप बस मागे."

माळावर वारा सुटला होता. गाडीला बाजूनं धक्के बसत होते आणि माझे तळवे घामेजले होते, ते मी कुणाला सांगितलं नाही. शेजारून मोठा ट्रक गेला की मागे कर्टिस पायाखाली नसलेला ब्रेक दाबायचा.

"काय दिसतंय गं?" वर्लिननं विचारलं.

"सूर्यफुलं. वाळलीत, माना खाली घातल्यात. पवनचक्की आहे एक, तिच्या सावलीत झाडून सगळ्या गाई."

"काळ्या?"

"काळ्या. एक पांढऱ्या तोंडाची."

तो खुशीत हसला. घरी तो दिवसभर खुर्चीत बसून असतो आणि काहीच विचारत नाही. मला ते बघवत नाही. तिथे मी त्याला काय सांगायचं? फ्रिज दिसतोय म्हणून?

घराशी पोचलो तर गिऱ्हाईक पिकअपला टेकून उभं. घराकडे जाणाऱ्या आमच्या अरुंद वाटेत गाडी रस्त्यावरून उलटीच घालावी लागते. एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला खांबावरची पत्रपेटी.

"आता तरी मला दे," कर्टिस म्हणाला. "हे तुला नाही जमणार."

मी काही बोलायच्या आत वर्लिननं चाचपडत दार उघडलं. "मी उतरतो. मागे कुणीतरी लागतंच."

कर्टिस कपाळावर हात मारत त्याच्यामागे उतरला. वर्लिन नेमका माझ्या जागी, गवताच्या कडेला जाऊन उभा राहिला. कडेच्या नजरेनं दिसावं म्हणून त्यानं कोंबडीसारखी मान तिरकी केली आणि हात हलवले. ये, ये. मी आरशात त्याच्याकडे बघत गाडी मागे घेतली.

काडकन आवाज आला. पत्रपेटी खांबासकट आडवी.

"बघ!" कर्टिस ओरडला. "हेच सांगत होतो मी!"

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "कुठे बघतोयस, वर्लिन?"

 वर्लिन पोट धरून हसायलाच लागला.

"कर्टिस," मी म्हटलं, "ही पेटी तुझ्या बापानं तीनदा पाडलीय. चांगले धडधाकट डोळे असताना. तेव्हा गाडी विकायचं कुणी काढलं होतं?"



गिऱ्हाईक पुढे आलं. "मग मी काय समजायचं, बाई?"

"गाडी माझी आहे आणि ती विकायची नाही. खांब उभा करायला हात लावणार असाल तर थांबा, कॉफी टाकते."

तो माणूस कर्टिसकडे बघायला लागला. कर्टिस खाली वाकला आणि त्यानं खांबाचं एक टोक उचललं.

वर्लिन जागचा हलला नव्हता. डोळे पुसून त्यानं पुन्हा मान तिरकी केली, हात वर केला.

"ये गं," तो म्हणाला. "अजून ये. जागा आहे."