काळ्या कुत्र्याची भाकर

लिफ्टमधून उतरून कुसाताई पार्किंगच्या पायरीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. माझा मुलगा महेश गाडीचं दार उघडून उभा होता. ताई आणि गाडी यांच्या मधून एक काळा कुत्रा सावकाश चालत गेला आणि गेटजवळ जाऊन बसला.

"आता नाय जायचं," म्हणत ताईने पायरीवरच बैठक मारली.

माझी नात हर्षाली हसली. "कुसाआजी, तो ब्रुनो आहे! आमच्या सोसायटीचाच. गळ्यात पट्टा बघ ना."

"पट्टा घालून आला म्हनून काय झालं? काळाच हाय ना?"

"रोज माझ्या हातची बिस्किटं खातो गं तो."

"खाऊ दे. आठ दिवस मी घराबाहेर पाऊल टाकायची नाय."

आठ दिवस आमच्याकडे नव्हतेच. साखरेमुळे ताईच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. भाच्याने तिला गावाहून इंदिरानगरला आमच्या घरी आणून सोडलं, तेव्हाच अंगठ्याला वास येत होता. डॉक्टर कालच म्हणाले होते, उद्या अंगठा काढला तर पाय वाचेल, उशीर झाला तर गुडघ्यापर्यंत जावं लागेल.

"मावशी, दहाची वेळ दिलीय," महेश म्हणाला. "पुन्हा नंबर कधी लागेल सांगता येत नाही."

"मी एकटी असते तर गेले असते रे. गाडीत तुमी समदी असनार. तो माझ्या मागं हाय, पर नेतो जवळच्याला. तुला ठाव नाय. गोजरीला इचार."

गोजरी म्हणजे मी.

लासलगावजवळच्या आमच्या खेड्यात त्या कुत्र्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. काळाभोर, भुंकत नाही, चालताना पाय वाजत नाहीत, धुळीत ठसा उमटत नाही. निघालेल्या माणसाला तो आडवा गेला की त्याने आठ दिवस घर सोडायचं नाही आणि रविवारी भाकरीचा पहिला तुकडा त्याच्या नावाने दाराबाहेर ठेवायचा. खंडोबाचा कुत्रा, म्हणून त्याला दगड मारायचा नाही. आमची आजी हे सांगायची तेव्हा मी तिच्या पदरात तोंड लपवायची.

मी दहा वर्षांची होते, ताई सोळाची. दिवाळीला माहेरी आलेली ताई चांदवडकडे सासरी निघाली होती. अंगावर हिरवं लुगडं, मांडीवर फराळाचा डबा. आबांनी बैल जुंपले. मी गाडीमागे पळत होते. ताई गेली की माझ्या वेण्या कोण घालणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आईचा हात फार जड, ती केस ओढून रडवायची. वेशीजवळच्या बाभळीपाशी मी ओरडले, "आबा, काळा कुत्रा! ताईला आडवा गेला!"

आबांनी गाडी थांबवली. खाली उतरून वाकून वाकून धूळ पाहिली. धुळीत एकही ठसा नव्हता. म्हणून तर सगळ्यांना पटलं.

गाडी परत फिरली. पाच दिवस ताई माझ्या वेण्या घालत होती, लाल फितींची फुलं करून. सहाव्या दिवशी चांदवडकडून माणूस आला. दाजींना ताप चढला होता. तीन दिवसांत सगळं आटोपलं होतं.

तिच्या सासूने तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. नवरा मरत होता आणि ही माहेरी बसली, म्हणाली. आमच्या गावात म्हणाले, पोरीवरचं नवऱ्यावर गेलं. ताईने हे दुसरं मनात धरलं. चौसष्ट वर्षं भावाच्या घरी राहिली आणि भाकरीचा तुकडा ठेवायचा एक रविवार चुकवला नाही. आई गेली, आबा गेले, भाऊ गेला. दर वेळी मी ठरवायची, आता सांगायचं. दर वेळी ती म्हणायची, "बघ, माझ्यामुळं," आणि मी उठून आत जायची.

महेशने गाडीचं दार लावून घेतलं. मी ताईशेजारी पायरीवर बसले.

"ताई, त्या दिवशी कुत्रा नव्हता."

"कंच्या दिवशी?"

"बाभळीपाशी. मी खोटं बोलले."

ती माझ्याकडे वळली. "ठसे नव्हते की."

"कुत्राच नव्हता, तर ठसे कुठून येणार? तू जाऊ नयेस म्हणून बोलले. वेण्यांसाठी."

"येन्यांसाठी?"

"हो."

तिने मान खाली घालून पायाच्या बँडेजकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "मी त्यांचं तोंड नाय बघितलं, गोजरे. पानी मागत होते म्हनं."

मी हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

"हर्षे, इकडं ये. धर मला," ती म्हणाली. हर्षालीच्या खांद्यावर भार टाकून ती उठली आणि गेटाकडे न बघता गाडीत पुढे, महेशशेजारी जाऊन बसली. मी मागे बसले. हॉस्पिटल येईपर्यंत मला तिचा अंबाडा तेवढा दिसत होता.

अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट गेलं. पाय राहिला.

महेशशी ती बोलते, नर्सला जेवलीस का विचारते. मी खोलीत गेले की खिडकीकडे तोंड करते. परवा रविवार होता. हर्षालीला बरोबर घेऊन मी बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत डब्यात नेलं. ताईने सवयीने पहिला तुकडा मोडला आणि झाकणावर बाजूला ठेवला. मग हात तसाच राहिला. थोड्या वेळाने तिने तो तुकडा उचलला, तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिली.

"मीठ कमी हाय," ती हर्षालीला म्हणाली.