मातेओच्या आईचं ताट

मित्रांनो, हॅम्बर्गमधल्या एका इमारतीच्या तळघरात मी पडून आहे. मी एक जुना स्लो कुकर, विजेवर दिवसभर मंद शिजवणारा. माझं बाहेरचं अंग पत्र्याचं आणि आतलं भांडं जाड चिनी मातीचं. मातेओने मला दुकानातून काखोटीला मारून घरी आणलं आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं.

मातेओ मेक्सिकोचा. विमानांच्या कारखान्यात तो आणि सांगलीचा क्षितिज एकत्र काम करायचे, राहायचेही एकाच फ्लॅटमध्ये. दर रविवारी सकाळी मातेओ बीफचे मोठे तुकडे, भिजवलेल्या सुक्या मिरच्या, टोमॅटो, लसूण आणि जिरं माझ्यात घालून मला मंद आचेवर लावून द्यायचा. संध्याकाळपर्यंत मांस इतकं मऊ व्हायचं की काटा लावताच त्याचे धागे सुटायचे. मित्र यायचे, मक्याच्या पोळीत गुंडाळून खायचे आणि माझी तारीफ करायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

क्षितिजला मात्र तो वास सोसायचा नाही. त्याच्या घरी मटण चालायचं, बीफ कधीच नाही.

"अरे, हे निदान बाल्कनीत तरी ठेव ना," एकदा तो वैतागून म्हणाला.

"बरं, बरं," म्हणत मातेओने हसून मला उचललं. तेव्हापासून मी पावसाचे शिंतोडे झेलत बाहेर शिजवू लागलो. भांडण असं झालं नाही. पण रविवारी क्षितिज आपल्या खोलीचं दार लावून वरणभात खायचा.

मार्चमधल्या एका सकाळी मातेओ सायकलवरून कामाला निघाला, तो परत आलाच नाही. वळणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला तो दिसला नव्हता. दारात पोलीस आले, तेव्हा क्षितिज भिंतीला टेकून खालीच बसला.

मुलाचा देह न्यायला मेक्सिकोहून मातेओची आई आली. एलेना तिचं नाव. ती मातेओच्या खोलीत त्याचं जाकीट मांडीवर घेऊन बसून राहायची. क्षितिजने वरणभात केला, सूप आणलं. तिने कशालाच हात लावला नाही.

शेवटी त्याने सांगलीला फोन लावला. "आई, त्यांच्या पोटात काही नाही गं. त्यांचं जेवण करून वाढावं म्हणतो. पण ते बीफचं असतं."

आई म्हणाली, "आपल्या भांड्यात करू नकोस."

"त्याचा कुकर आहे."

"मग कर. आणि त्यांना एकटं जेवायला बसवू नकोस."

क्षितिजने मांस आणलं. नजर वळवूनच त्याने ते माझ्यात घातलं. त्याने मला बाल्कनीत नेलं नाही, ओट्यावरच ठेवलं. दिवसभर मी जीव ओतून शिजवलं.

एलेनाने एक घास घेतला. "मीठ कमी आहे," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "मातेओ इतकंच घालायचा?"

क्षितिजने मान खाली घातली. "मला माहीत नाही. मी कधी खाल्लंच नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. आणखी चार घास खाल्ले. मग ताट सरकवून, इथे आल्यापासून पहिल्यांदाच, ती मोठ्याने रडली. क्षितिज कोरडी पोळी हातात धरून समोर बसून राहिला.

नंतर भरल्या डोळ्यांनी त्याने माझं तापलेलं भांडं गार पाण्याखाली धरलं. मी तडकलो. ती चीर सांधता येत नाही.

एलेना शवपेटी घेऊन मायदेशी गेली. मातेओच्या खोलीत दुसरा भाडेकरू आला आणि मी तळघरात आलो. क्षितिजला मला फेकवत नाही आणि वरही नेववत नाही.

मित्रांनो, तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतू नका, थोडं थांबा. आणि शेजारच्या खोलीत कुणी आनंदाने जेवत असेल, तर तुमच्या ताटात तुमचंच असू द्या, पण ते ताट घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसा. त्याला मीठ किती लागतं, ते तो असतानाच विचारा.