डुंगरची जीभ

माझ्या नवऱ्याची जीभ बारा वर्षं मेलेली होती आणि हे गावात दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि मला. त्याचं नाव डुंगर. आता तो नाही, तेव्हा नाव घ्यायला कसली लाज!

आमच्या गावावरच्या बुग्यालात, त्या उंच कुरणात, अतिविष आणि बचनाग एकाच उतारावर उगवतात. पानंफुलं शाबूत असली तर पोरंही फरक सांगतील. पण अष्टमीपर्यंत गारा सगळं झोडपून काढतात, मग खात्री जिभेवरच. अतिविषाची मुळी कडूजार. तान्ह्या पोराचं पोट दुखलं की आईच्या दुधात उगाळून देतात. बचनाग आधी गोडसर लागतो, मग ओठ बधिर होतात, मग माणूस जातो.

भाद्रपदातल्या नंदाष्टमीच्या, म्हणजे नंदादेवीच्या, पूजेआधी बुग्यालात कुणी कुदळ लावत नाही. त्या दिवशी गावातला जाणता पहिली मुळी काढतो, सगळ्यांसमोर चावतो आणि गिळतो. थुंकायची नाही, देवीचा अपमान होतो. तो 'कडू' म्हणाला की मग सगळे खणायला लागतात. हा मान डुंगरच्या घराण्याचा. एका हिवाळ्यात ताप आला, ताप उतरला, पण चव काही परत आली नाही. तेव्हापासून दर वर्षी आदल्या दिवशी गवताच्या निमित्ताने मीच वर जायची, मुळी उकरून चाखायची आणि खऱ्या झुडपाशी दगड ठेवून यायची. डुंगर दुसऱ्या दिवशी त्याच झुडपाची मुळी काढायचा आणि मिशीला पीळ द्यायचा. मीही पाणवठ्यावर मिरवायची, "यांची जीभ कधी चुकायची नाही."

या वैशाखात त्याने कौशीला दुसरी बायको करून आणलं. एकोणीस वर्षांची, खालच्या गावची, अंगावर धड शाल नाही.

"तुझी जीभ जड झालीय, सरूली," तो मला म्हणाला. "गेल्या वर्षी दोनदोनदा चाखत होतीस. आता ही चाखेल. अष्टमी झाली की तू तुझ्या भावाकडे जा."

"आणि घर?"

"घर माझं आहे."

त्या घराची एकेक दगडी चीप मी डोक्यावरून वाहिलेली. भावाकडे काय होतं? भावजय माझ्या पानातल्या फाफरच्या भाकऱ्या मोजते. मी रडले, पाया पडले. त्याने पाय काढून घेतला.

अष्टमीच्या सकाळी सारं गाव वर जमलं. डुंगरने दगड पाहिला, मुळी काढली आणि माझ्या हातात दिली, कारण पहिली मुळी धुवायचं काम थोरल्या बायकोचं. धुताना कुदळीचा घाव दिसला. रंगावरून पक्कं सांगता येत नाही, पण अतिविष बहुधा आतून पांढरंफेक असतं. ही आतून तपकिरी होती.

"ही नको," मी हळूच म्हणाले.

"ऐकलंत का?" तो सगळ्यांना ओरडून म्हणाला. "जन्मभर चूल फुंकली, आता मला मुळ्या शिकवतेय!"

बायका खिदळल्या. माझं डोकं फिरलं. मी मोठ्याने म्हणाले, "यांना चव कळत नाही. बारा वर्षं मी चाखत आलेय."

 पानसिंग, आमच्या गावचा म्हातारा पंच, हसायला लागला. "वहिनी, सवत आली की असं होतं. पण इतकं? पाणवठ्यावर तूच तर त्याचे गोडवे गात होतीस."

डुंगरने माझ्या हातातून मुळी ओढली, कचकचा चावली आणि गिळली. "कडू!" तो म्हणाला. माणसं कुदळी घेऊन पांगली.

थोड्या वेळाने त्याने मला खडकामागे बोलावलं. चेहऱ्याला घाम सुटलेला. "ओठांना मुंग्या येताहेत. बोटांनाही. तूप पाज आणि ओकवून टाक मला. कुणाला कळू देऊ नकोस."

बचनागावर उतारा म्हणून तुपाची कुपी दर अष्टमीला माझ्या कमरेला असायची. मी ती मांडीवर घेऊन बसले.

"आधी त्यांना सांगा, चाखत कोण होतं."

"सरूली, तूप."

"घर माझं म्हणा. पानसिंगभाऊंना हाक मारते, त्यांच्यासमोर म्हणा."

त्याने खडकापलीकडे वाकून पाहिलं. माणसं खणत होती, गात होती. त्याने मान हलवली. नाही. घराण्याचा मान त्याला सोडवेना, आणि मला कुपी सोडवेना. खरं सांगते, तो मरेल असं मला वाटलंच नाही. वाटलं, आता वाकेल, आता वाकेल. कुपी उघडली तोवर त्याचा जबडा लुळा पडला होता आणि तूप गालावरून ओघळलं.

उन्हं उतारावर होती तोवर तो संपला.

लोक धावले. कौशीने ऊर बडवत सगळं सांगून टाकलं. "मला भीती वाटली हो! मी चाखलीच नाही. मोठं झुडूप पाहिलं आणि दगड ठेवून आले."

म्हणजे माझं खरं होतं. पानसिंगने माझ्यासमोर हात जोडले. मग विचारलं, "वहिनी, तूप लगेच दिलंस ना?"

"लगेच दिलं," मी म्हणाले. "लागू पडलं नाही."

"खोटं!" कौशी किंचाळली. "कुपी मांडीवर घेऊन बसली होती. मी पाहिलं. ते मागत होते, ही देत नव्हती!"

तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? नवरा मारला आणि वर थोरलीवर आळ घेतेय, असं बायका म्हणाल्या. कुणीतरी तिची वेणी धरली, कुणी ढेकूळ मारलं. मग दगड आले. ती माझ्याकडे धावली, पाय धरले. "दीदी, तुम्ही सांगा ना यांना!"

मी डुंगरसारखाच पाय काढून घेतला. ती तशीच अनवाणी, शालीशिवाय उतारावरून पळाली. खाली तिच्या माहेरच्या वाटेवर बर्फाच्या पाण्याचा ओढा आहे आणि त्यावरची फळी यंदाच्या पावसात वाहून गेली होती, हे मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण ती परत आली असती आणि घराला दोन विधवा वाटेकरी झाल्या असत्या. मी ओरडले नाही. घर आता माझं आहे.