विनायकरावांचा घसा

विनायकरावांनी पत्र्याचा पोंगा तोंडाला लावला, छाती भरून श्वास घेतला आणि ते ओरडले. पोंग्याच्या दुसऱ्या टोकातून सायकलच्या ट्यूबमधली हवा जावी तसा फुस्स आवाज आला.

शेजारी खुर्चीवर बसलेल्या मॅनेजर ठाकोरभाईंनी नाकावरच्या रुमालामागून विचारलं,

"शुं थयुं?"

विनायकरावांनी गळ्याकडे बोट दाखवलं. हाँगकाँगचा ताप गेला होता, पण जाताना आवाज सोबत घेऊन गेला होता.

त्या वर्षी सुरतेच्या गिरणी फुटबॉल लीगचं काही खरं नव्हतं. पावसाळ्यात तापीच्या पुराने मैदानावर गाळ आणून टाकला, म्हणून सामने हिवाळ्यावर ढकलले. हिवाळ्यात हा ताप साऱ्या जगाची सफर करत सुरतेच्या वेशीवर, उधन्यापर्यंत आला. एकामागून एक संघ अंथरुणाला खिळले. एका सामन्याला पंचच आले नाहीत. एकाला दोन्ही संघ आले नाहीत, आणि तेवढा एक सामना नियमाप्रमाणे, कसलाही वाद न होता, बरोबरीत सुटला. शेवटी लीग बंदच पडली. आता ताप ओसरल्यावर उरलेले सामने कसेबसे उरकणं चाललं होतं.

आज हरलं तर लक्ष्मीप्रसाद मिलचा संघ खालच्या गटात जाणार होता, आणि खालच्या गटासाठी आपण खेळाडू पोसणार नाही, असं शेठांनी आधीच सांगून ठेवलं होतं. संघातले सगळे खानदेशातून आलेले, चेंडूच्या जोरावर मिलमध्ये लागलेले आणि एरवी सांचाखात्याच्या खडखडाटात माग चालवणारे. संघ मोडला म्हणजे पुन्हा फाटकाशी उभं राहून गैरहजर माणसाच्या जागी रोजची बदली शोधणं आलं. नुसती बरोबरी झाली तरी ते वाचणार होते.

आणि नेमका आजच विनायकरावांचा घसा बसला होता. ते मिलचे टाइमकीपर आणि संघाचे प्रशिक्षक. संघ आपल्या आवाजावर चालतो याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांच्या पत्नी मंगलाबाईंनी त्यांना हळदीचं दूध पाजलं होतं, गुळण्या करवल्या होत्या, आणि "घरात किती शांत वाटतंय," एवढं म्हणून त्या भाजी चिरायला बसल्या होत्या.

मध्यंतराच्या आधीच संघावर एक गोल बसला. तापातून उठलेली माणसं ती, चार पावलं धावली की गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहत होती. विनायकरावांनी पोंगा गवतावर ठेवून दिला. आता उपयोग काय त्याचा? ते आपले सवयीने तोंडातल्या तोंडात बोलत राहिले. भिकन, डावीकडे दे रे, डावीकडे मोकळं आहे.

पार पलीकडच्या कडेला भिकनने चेंडू डावीकडे दिला.

योगायोग, विनायकराव मनाशी म्हणाले. सुकदेव, मागे ये.

सुकदेव मागे आला.

विनायकरावांनी आजूबाजूला पाहिलं. दुसरं कोणी ओरडतंय का? कोणी नव्हतं. ठाकोरभाई शेंगा सोलत होते. चेंडू बाहेर गेला होता आणि चिंधा तो आत फेकला जायची वाट बघत उभा होता. विनायकरावांनी त्याच्याकडे तोंड केलं आणि आवाजाशिवाय म्हणाले, चिंधा, डोक्याला हात लाव.

चिंध्याने डोक्याला हात लावला. मग 'हे कशासाठी?' अशा चेहऱ्याने तो मैदानाच्या त्या टोकावरून त्यांच्याकडे बघत राहिला.

विनायकरावांच्या अंगावर काटा आला.

उत्तरार्धात ते उन्हात येऊन उभे राहिले आणि नुसते ओठ हलवत राहिले. त्यांच्याच दातांबाहेर न पडलेला शब्द मैदान ओलांडून जात होता आणि तिकडे पाय होऊन धावत होता. खेळाडू आपापसांतही बोलत नव्हते. कुणी दोन बोटं उडवायचा, कुणी मनगट फिरवायचा, की चेंडू न बघता निघायचा आणि जिथे कोणी नव्हतं तिथे कोणीतरी येऊन पोचलेलं असायचं. खोकणारं पब्लिक हळूहळू खोकायचं थांबलं. देवळात बोलतात तशा आवाजात एक म्हातारा म्हणाला, "आ शुं चाले छे?" सुकदेवने गोल केला तेव्हा टाळ्या वाजायलाही थोडा उशीर झाला.

सामना बरोबरीत सुटला. संघ वाचला. ठाकोरभाईंनी रुमालाची घडी केली.

गोलकीपर धुडकू पाणी प्यायला आला तेव्हा विनायकरावांनी त्याचा दंडच धरला आणि ओठांनी विचारलं, कसं?

"सांचाखातामा कोणले ऐकू येस, साहेब?" धुडकू म्हणाला. "तोंड दखीसनच समजनं पडस. कान तं कवयच गयात आमना."

मग इतकी वर्षं मी ओरडत होतो ते?

धुडकू अवघडला. "पोंगा लाया का तोंड दिसत नही ना."

सांगायचं नाही का मग?

"इतला मन लाईसन वरडेत तुम्ही," धुडकू म्हणाला. "कसं सांगो?"

विनायकराव हसले, आणि हसता हसता थांबले. पोंगा काही सतत तोंडाला नसे. तो खाली ठेवला की ते ठाकोरभाईंकडे वळून या माणसांविषयी बोलत. बैल म्हणत. याहून वाईटही म्हणत, आणि हळू आवाजात म्हणत असल्यामुळे निर्धास्त म्हणत.

पोंगा खाली असायचा तेव्हा? त्यांनी विचारलं.

धुडकूने पाण्याचा लोटा फिरवून पाहिला.

"तवय आम्ही मान फिरवी लेऊत, साहेब."

तो पलीकडे निघून गेला. मैदानाच्या त्या कडेला बाकीचे सदरे घालत होते. ठाकोरभाई उठून जवळ आले, "गळुं जलदी सारुं करो, विनायकराव," म्हणाले. विनायकराव चार पावलं पुढे गेले, चेहऱ्यावर ऊन नीट पडेल असे त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि नुसत्या ओठांनी काहीतरी बोलले.

"कंई कह्युं?" शेजारून ठाकोरभाईंनी विचारलं.

पलीकडे सगळे जिथल्या तिथे थांबले होते. भिकनचा एक हात बाहीत तसाच राहिला. मग दुसऱ्या हाताने त्याने एक खूण केली. सांचाखात्यातलीच असणार. तिचा अर्थ विनायकरावांना ठाऊक नव्हता. त्यांनी ती नीट बघून घेतली आणि जमेल तशी परत केली.