वारुळाखालची कन्हार

सिंदेवाहीच्या माती प्रयोगशाळेतली संघप्रिया थेट शेतावर आलेली पाहून सीताबाई बावरली. आपलं काही चुकलं असणार, हे तिला कळून चुकलं.

ओढ्याकाठची बांधी, म्हणजे बांध घालून केलेलं धानाचं शेत, तिचा नवरा देवराव गफ्फारभाऊच्या वीटभट्टीला द्यायला निघाला होता. सिहार माती, पिवळसर, रेताड. पाऊस थांबला की पाणी म्हणून ठरत नसे. धान लोंबीवर यायच्या आतच करपायचा. भट्टीवाले कमरेइतकी माती खरवडून नेणार, हे ऐकल्यापासून सीताबाई रोज बांधीवर चक्कर मारत होती. एकदा माती तपासून तरी पाहू, एवढंच तिनं नवऱ्याकडे मागितलं होतं.

"सीताबाई, तुम्ही आणलेली माती या बांधीची नाई ना?" संघप्रियानं विचारलं.

"धुऱ्यावरच्या वारुळाची हाय," सीताबाई बांधीच्या कडेच्या बांधाकडे बोट दाखवत हळूच म्हणाली. "तपासायले द्याची तं चांगली पवित्र द्यावं म्हटलं."

देवरावानं कपाळावर हात मारला. "घ्या! दवाखान्यात रोग्याच्या जागी देवच नेऊन बसवला इनं!"

बांधी पाहायला आलेला गफ्फारभाऊ खो खो हसला. संघप्रियाही हसली, पण तिची नजर वारुळावरून हलेना.

"देवरावभाऊ, बांधीत सारी रेताड माती, अन् वारूळ चिकणमातीचं. वाळवीनं ही आणली कुठून?"

"आता तिले कोण विचारायले जाते?"

"खालून आणली. खणा."

मे महिन्याचं ऊन. कुरकुरत का होईना, देवरावानं फावडं घेतलं. आधी पिवळी भुसभुशीत माती निघाली. मग तांबूस पट्टा लागला. त्याखाली पांढरे खडे. संघप्रियानं एका खड्यावर बाटलीतलं आम्ल टाकलं, तसा तो दुधासारखा फसफसला. "चुना," ती म्हणाली. खड्डा छातीइतका झाला आणि फावडं एकदम जड झालं. खाली कन्हार होती, काळी कुळकुळीत चिकणमाती.

सीताबाई पदर खोचून खड्ड्यात उतरली. तिनं कन्हारीवर तळवा ठेवला आणि तशीच राहिली. वर पाय भाजत होते, आणि इथं ओल होती. गार, दाट, देवळातल्या गाभाऱ्यासारखी. तिच्या सासऱ्याच्याही आज्याआधी कधीतरी पुरानं आणून निजवलेली ही माती, आणि तांदळाच्या दाण्याएवढी वाळवी तिच्यापर्यंत जाऊन तोंडातोंडानं ती वर आणत होती. सीताबाईचे हात आपोआप जोडले गेले.

"धानाची मुळं वीतभर जाते," वरून संघप्रिया सांगत होती. "या ओलीपर्यंत पोचतच नाई. तुरीची पोचते. धुऱ्यावरची तूर कशी येते तुमची?"

देवरावानं धुऱ्याकडे पाहिलं. धुऱ्यावरची तूर दरवर्षी माणसाच्या डोक्यावर जायची. पण बांधीत धान सोडून काही पेरायचं असतं, हे त्याच्या घरात कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

गफ्फारभाऊनं वाकून खड्ड्यात पाहिलं. हसू कधीच मावळलं होतं. "या अल्ला! याच्या विटा पाडायले माहाच हात नाई धजणार, भाऊ. तूर झाली का डाळ धाडजा."

"पण पावसाळ्यात धुऱ्यानं पाणी अडते, अन् तुरीले साचलेलं पाणी चालत नाई," संघप्रिया म्हणाली. "पाण्याले वाट द्या लागन."

म्हणजे धुरा फोडायचा. बापानं घातलेला, दर पावसाळ्यात आपण लिंपलेला. देवराव फावडं धरून तसाच उभा राहिला. सीताबाई खड्ड्यातून वर आली. काळ्या हातानं तिनं धुऱ्याला नमस्कार केला आणि बाजूला झाली.

देवरावानं फावडं उचललं.