तीन ग्रॅम जास्त

वेंडलने तीन वर्षं गॅरेजमध्ये डोकं घालून पाणी गाळायची नळी बनवली. डोंगरात हिंडणाऱ्यांनी तिच्यातून ओढ्याचं पाणी घ्यायचं आणि बेधडक प्यायचं, जुलाबाची भीती नाही. पण बायकोने, बर्निसने, बजावलं होतं, "हिवाळ्याआधी एखाद्या दुकानाने नळी घेतली नाही, तर गॅरेज माझ्या पीचच्या बरण्यांचं." बर्निसचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

उरलं होतं एकच दुकान, ऑस्ट्रँडरबाईंचं. बाई ओझं नको म्हणून टूथब्रशचा दांडा अर्धा कापणाऱ्यांतल्या. साठ ग्रॅमच्या वरच्या नळीकडे बघतसुद्धा नसत. वेंडलची भरली त्रेसष्ट. तरी गडी त्यांना मोंटानाच्या डोंगरात घेऊन गेलाच. सोबत मेहुणी मारिट. तीही तसलीच, कपड्यांची लेबलं कापून टाकणारी.

थंडीने आतले पोकळ धागे फुटू नयेत म्हणून वेंडल नळी पोटाशी घेऊन झोपला. सकाळी झाडामागे जाऊन आला आणि नळी काट्यावर ठेवली, तर एक्कावन्न.

"रात्रभर माझ्या पोटाशी होती ना, ओल सुटली सगळी," तो म्हणाला. आनंदात माणसाला काहीही पटतं. मारिट कॉफी ढवळत राहिली.

बीव्हर प्राण्यांनी बांध घालून अडवलेल्या डबक्यातलं पाणी कालच्या कॉफीसारखं होतं. वेंडलने छाती फुगवून ते नळीतून पेल्यात सोडलं. पाणी होतं तसंच आलं, आणि मागोमाग एक बेडूकमासा, शेपूट हलवत, अगदी ठणठणीत.

"हा गाळून आलाय, की गाळायचा राहिलाय?" बाईंनी विचारलं.

वेंडलने नळी उघडली. आत शुकशुकाट.

"मारिट, आतला धाग्यांचा जुडगा कुठाय?"

"तुमच्या पिशवीत टाकला, भावजी. सगळ्यात जड तोच होता. आज नळी वाहायची पाळी माझी, मी कशाला वाहू?"

"अगं बये, पाणी तोच गाळतो. बाकी नुसता पाइप आहे."

"मी आधी नळीवरची ती पट्टीच काढणार होते," मारिट हिरमुसली. "पण म्हटलं, भावजींना वाईट वाटेल."

पट्टी पितळेची. तिच्यावर कोरलेलं, 'वेंडल थॉर्सगार्ड, संशोधक'. कोरायला महिना गेला होता.

बाईंनी चाकू पुढे केला. तीन वर्षं मरमर मरायचं आणि आपलं नाव आपणच खरवडायचं. पण वेंडलच्या डोळ्यांपुढे बरण्यांच्या रांगा दिसत होत्या. त्याने जुडगा परत बसवला आणि पट्टी उचकटली. एकोणसाठ. या वेळी पाणी नितळ आलं, बाईंनी पेला रिकामा केला आणि तोंड पुसलं.

"दोनशे पाठवा. बिननावाच्या."

गॅरेज वाचलं, बरण्या पलंगाखाली गेल्या. पट्टी बर्निसने गॅरेजच्या दारावर ठोकली. डोंगरावरून ती खाली आणायची शिक्षा मात्र मारिटला झाली. अख्खे चार ग्रॅम. गाडीपाशी येईस्तोवर बिचारी रडकुंडीला आली होती.